एक लाख तीन

घाटकोपर. मंगळवार, १२ ऑगस्ट. संध्याकाळ.

हिचं ऑपरेशन उद्या सकाळी. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, काही सांगता येत नाही. हिच्या मनगटावर हॉस्पिटलची पट्टी बांधलीय, तिच्यावर नंबर १००००३. एक लाख तीन. दुपारपासून तोच डोक्यात.

मुलीची मुलगी सायली भेटायला आली होती. म्हणाली, "आजोबा, ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः, बाकी कशानंच भाग जात नाही." मी सातवी शिकलेला, माझा विश्वास बसेना. तिथंच बाकड्यावर पेपरच्या कडेला भागत बसलो. दोननं भागलं, एक उरला. तीननं भागलं, एक उरला. सातनं भागलं तरी एकच.

गिरणीत घडी खात्यात मी कापडाच्या ताग्यांच्या सारख्या थप्प्या लावायचो. उरलेला तागा भिंतीशी एकटा पडायचा. तो आजच का आठवावा?

सिस्टरला म्हटलं, दुसरा नंबर द्या ना. ती हसली. ही मात्र चिडली. "अहो, पट्टीवर माझं नावसुद्धा आहे. ते वाचा की! आणि घरी जाऊन जेवा."

घरात आम्ही दोघंच. उद्या एकच उरलं तर? उरायचंच असेल तर तिनं उरावं. पण पट्टी तर तिच्या हातावर आहे.

आत्ता पुन्हा सातनं भागून पाहिलं. एकच.

सवयीनं दोघांचा भात लावला. माझा कसाबसा खाल्ला. तिचा पातेल्यात झाकून ठेवलाय. टाकवत नाही.