म्हादूची पुंगळी

९ डिसेंबर

आज पुंगळी उलटी केली आणि घात झाला!

तोफगोळ्याची ही पितळी पुंगळी मी लग्न होऊन रामनगरला आले तेव्हापासून मामंजींच्या खाटेजवळ आहे. एकाहत्तरच्या लढाईत म्हादूने तोफेत भरलेला शेवटचा गोळा म्हणे हिच्यातला. म्हादू तिथेच गेला. मामंजी त्याचे बालमित्र, त्याच तोफेवर होते — वाचले. म्हादूची आई दरवर्षी कॅसलरॉकहून यायची, पुंगळी मांडीवर घेऊन बसायची, जाताना इथेच ठेवायची. ती आता नाही. म्हादूची बहीण रुक्माक्का आहे. तिला ही गावच्या शाळेत ठेवायचीय, भावाच्या नावाने.

पोरांच्यात ठेवायची, म्हणून आधी संदीपला दाखवली. माझा धाकटा भाऊ, लष्कराच्या दारूगोळा डेपोतून निवृत्त झालेला. त्याने आत टॉर्च मारला. दारू नाही, ठिणगी देणारी बुडाची टोपीही उडालेली. धोका काही नाही म्हणाला. मग चिंचेनं पितळ घासून बुडावरचे ठसे वाचत बसला. तोफेचं माप, लॉट नंबर, कारखान्याची खूण. आणि साल — १९७८.

"ताई, ही लढाईनंतर बनलीया."

१० डिसेंबर

मामंजी खोटं बोलले? त्या माउलीशी?

११ डिसेंबर

विचारलंच शेवटी. मामंजींनी पुंगळी जवळ ओढली. मग सांगितलं. म्हादूचं सामानसुद्धा घरी आलं नव्हतं. आई भेटेल तेव्हा विचारायची, काहीतरी असेल की रे, हाताला लागेल असं. कितीतरी वर्षं टाळलं. शेवटी बेळगावच्या भंगारबाजारातून ही घेतली.

"मांडीवर घेतली आन् गप झाली ती, मंगल. मग माझ्याच्यानं खरं बोलवंना."

राग कधी गेला कळलं नाही. पण शाळेत हे साल कुणीही वाचेल. रुक्माक्काला सांगायला हवं. तूच जा म्हणाले. त्यांना तोंड दाखवायचं धाडस नाही.

१३ डिसेंबर

उद्या जाते. रुक्माक्काकडे, एकटीच.

१४ डिसेंबर

सांगितलं. रुक्माक्का तांदूळ निवडत होती, हात थांबला नाही. म्हणाली, आईला पहिल्याच दिवशी कळलं होतं — यशवंताला, म्हणजे मामंजींना, लहानपणापासून खोटं बोलताना घाम फुटतो.

मग दरवर्षी का यायच्या, मी विचारलं.

"आई न्हाई गेली असती तर यशवंताला वाटलं असतं, माझा ल्योक गेला आन् तू का वाचलास, असं ती मनात म्हणतीया."