अण्णाची जाळीची काठी

तंजावर, शुक्रवार, ६ मे १९९४, संध्याकाळ

कॅनडाहून वहिनीचं पार्सल आलं. त्यात अण्णाची लॅक्रॉस खेळायची काठी, टोकाला चेंडू झेलायची जाळी असलेली. माझा भाऊ ती घेऊन सगळं तरुणपण तिथल्या गोऱ्यांत धावला. त्यांच्या क्लबात आपल्याकडचा तो पहिलाच. पोंगलच्या आधी अण्णा तिकडेच वारला. आईचं हृदय नाजूक, डॉक्टर नको म्हणाले, म्हणून आईला अजून सांगितलेलं नाही. किती दिवस लपवायचं हे?

मी बँकेतून येते तर पार्सल फोडून आई परसात, आंब्याखाली. हातात तीच काठी! जाळीत दोन कैऱ्या.

"कैऱ्या काढायचा झेला फाटल्याचं अण्णाला लिही, म्हणून तुला सांगितलं होतं नव्हे? पोरानं लक्षात ठेवलं बघ."

दांड्यावर अण्णाच्या मुठीचा काळा डाग अजून आहे. आईची मूठ नेमकी त्याच डागावर. इतकी हसलेली मी तिला कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती.

आत्ता जेवताना म्हणाली, "उद्या बूथवरून त्याला फोन कर. म्हणावं, झेला छान आहे, पण दांडा आखूड पडतो. येशील तेव्हा लांबसा घेऊन ये."