फोन माझ्या पिशवीत आहे

सूनबाई,

उठल्यावर फोन दिसला नाही म्हणून घाबरू नकोस. तो माझ्या पिशवीत आहे आणि मी खाली बागेतल्या बाकावर बसले आहे.

लॅपटॉपशेजारी डोकं टेकून तुझा डोळा लागला होता. फोन गप्प करायला गेले, तेवढ्यात साहेबांचा निरोप आला, "या रविवारीही घरून काम कराल ना?" तूच अक्षरं शिकवलीस, म्हणून वाचता आलं. मी "नाही" लिहून पाठवलं. तुला विचारायला हवं होतं, पण तू "हो" म्हणाली असतीस. दर वेळी तेच म्हणतेस.

तेव्हापासून फोन सारखा वाजतोय. मी उचलला नाही. नोकरीवर बेतलं तर खुशाल मला बोल.

औषधाची घंटा, दुधाची घंटा, मीटिंगची घंटा, सगळं तू त्यात लावून ठेवलंस. घर सुरळीत चाललंय, नाही म्हणत नाही. पण तू मीटिंगला बसलीस की मी खोकला गिळते, कुकर लावत नाही. आणि तू तर न्हाणीघरातही त्याला घेऊन जातेस. माझी सासू खाष्ट होती, पण दुपारी घोरायची तरी. हा फोन तर डोळासुद्धा मिटत नाही.

साहेबांना काय कळवायचं ते तुझं तू ठरव. फोन न्यायला मात्र खाली यावं लागेल. तुझ्या चपला दारामागे आहेत. धूळ बसली होती, पुसून ठेवल्या आहेत.

आई