बंद वाटेवरचे लाल दिवे

शिरूर, ता. ९ जानेवारी २००२

चि. जॉन्सन यास बाबांचा आशीर्वाद व सलाम.

इकडे ठीक. परवा तुझा फोन आला, पण दुकानात उभा राहून मी नुसता हॅलो हॅलो ओरडत राहिलो. आळीला वाटलं, म्हातारा कुणाशी तरी भांडतोय. या कानांना आता फोन झेपत नाही, तेव्हा पत्रच टाकत जा.

सूनबाई मर्सीने कळवलं की तू नाताळाच्या आधीपासून दौंडला घरी आहेस आणि ताटावरून अर्ध्यात उठतोस. एवढी रजा कशी मिळाली? विमानतळावर दिव्यांचं काम करणाऱ्याला सणालाही सुट्टी नसते, असं तूच सांगायचास.

तुझा शाळेतला जोडीदार मल्हारी तळेगाव ढमढेऱ्याला घरी आलाय म्हणे. तुमच्या विमानतळावर त्याची जीप खड्ड्यात गेली, कंबरेचं हाड मोडलं, वर नोकरीही गेली. रांजणगावच्या कंपनीची बस चालवायचं सोडून तो तुझ्या शब्दावर तिकडे आला होता. तू मला अक्षराने कळवलं नाहीस. सोमवारी जाऊन त्याला बघून येतो.

मर्सीला सलाम. म्हाताऱ्याची आठवण असू दे.

तुझा,
बाबा


दौंड, ता. १२ जानेवारी

ती. बाबा यांस जॉन्सनचा सप्रेम सलाम.

रजेचं विशेष काही नाही. साठली होती, ती साहेबांनी घ्यायला लावली. मर्सी उगाच काळजी करते. तिच्या वर्गातल्या पोराने डबा अर्धा ठेवला तरी ती त्याच्या घरी चिठ्ठी पाठवते.

मल्हारीचं वाईट झालं. उतरलेल्या विमानापुढे पिवळी जीप चालवून त्याला जागेवर न्यायचं, हे त्याचं काम. धावपट्टीपासून विमानं उभी राहतात तिथवर काँक्रीटची वाट असते. तिचा एक तुकडा फोडून नवा करायला घेतला होता. १४ डिसेंबरला सकाळी धुकं फार होतं. मल्हारीचं वळण चुकलं, तो त्या बंद वाटेवर गेला आणि जीप खड्ड्यात उलटली. मागे विमान होतं, आत एकशेवीस माणसं. जीपचे दिवे एकदम दिसेनासे झाले म्हणून वैमानिकाने ब्रेक दाबले, नाहीतर काय झालं असतं कल्पना करवत नाही. आमची कंपनी म्हणते, मल्हारी जोरात होता, झोपेत होता. ८ फेब्रुवारीला चौकशी आहे.

एवढ्यात तळेगावला जाऊ नका. थंडी आहे, जीपवाले माणसं कोंबतात. तब्येत जपा, एवढंच मागणं.

आपला,
जॉन्सन


शिरूर, ता. १७ जानेवारी

चि. जॉन्सन यास सलाम.

जाऊ नका हे तुझं पत्र मी जाऊन आल्यावर मिळालं.

मल्हारी ओसरीत बाजेवर पडून असतो. कूस बदलायलाही त्याची बायको सोजरबाई लागते. मला म्हणाला, आप्पा, फास्ट चालवत हुतो म्हणून लिहून ठिवलंय, पण खड्ड्याच्या कडंला एक बी लाल दिवा पेटला नव्हता. वाट बंदचा बोर्ड बी काळाकुट्ट. दिवे दिसले असते तर थांबलो नसतो का? समदी म्हणत्यात दिवे चालू हुते. तुम्ही जॉन्सनला इचारा, त्यो खोटं बोलायचा न्हाई.

निघताना सोजरबाई वेशीपर्यंत आली. तिने विचारलं, ते दिवे बघायचं काम कुणाकडं असतं? मी म्हणालो, मला माहीत नाही.

जॉन्सन, मला माहीत होतं. चाळीस वर्षं मिशनच्या पोरांना सुतारकाम शिकवलं, माप चुकलं तर चुकलं म्हणा, असं रोज बजावलं. आणि परवा तोंडातून हे निघालं. जीप भरली, मी बसलो, मागे वळून बघवलं नाही.

उलट टपाली कळव. दिवे चालू होते का?

बाबा


दौंड, ता. २१ जानेवारी

ती. बाबा यांस सलाम.

दिवे बंद होते.

खड्ड्याभोवती बारा लाल दिवे होते, बॅटरीवरचे. पहाटे पाचला प्रत्येकाजवळ चालत जायचं, पेटलाय का बघायचं आणि रजिस्टरमध्ये खूण करायची, हे माझं काम. थंडीत बॅटऱ्या लवकर उतरतात हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी मी केबिनमध्ये हीटरजवळ बसून बाराही खुणा केल्या. आदले दोन दिवसही तसंच केलं होतं. पावणेसहाला आवाज आला. धावत गेलो, तर खड्ड्याची कड पायाखाली आली तेव्हाच कळली.

मल्हारीला हॉस्पिटलात नेल्यावर साहेबांनी नव्या बॅटऱ्या आणवल्या आणि माझ्याच हाताने बसवून घेतल्या. बघायला वरची माणसं आली तेव्हा बाराही दिवे झगझगीत. साहेब म्हणाले, घरी जा, चौकशीत रजिस्टर बरोबर आहे एवढंच म्हण, मार्चमध्ये तुला सुपरवायझर करतो. मी हो म्हणालो, बाबा.

मर्सीला काल सांगितलं. ती वह्या तपासायला बसली आणि एकच वही कितीतरी वेळ उघडी राहिली.

खरं सांगितलं तर नोकरी जाईल, पोलीसही येतील. तुम्ही सांगाल तसं करतो.

जॉन्सन


शिरूर, ता. २५ जानेवारी

चि. जॉन्सन यास सलाम.

पत्र तीनदा वाचलं. माझ्या सांगण्यावरून गेलास, तर उद्या कठीण दिवस आले की मला दोष देशील. म्हणून सांगत नाही.

माझ्यापुरतं मी केलं. काल तळेगावला जाऊन सोजरबाईला सांगितलं की दिवे बघायचं काम माझ्या मुलाकडे होतं. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि आत निघून गेली. मल्हारीने डोळे मिटून घेतले. मी फाट्यापर्यंत चालत आलो.

काहीही ठरव. या घराचं दार तुम्हा दोघांना उघडं आहे.

बाबा


दौंड, ता. १५ फेब्रुवारी

ती. बाबा यांस मर्सीचा सप्रेम सलाम.

यांनी चौकशीत सगळं सांगितलं, बॅटऱ्या मागून बसवल्या तेही. साहेबांचीही चौकशी लागली. मल्हारीभाऊंवरचा ठपका काढणार आहेत, औषधपाणीही कंपनी बघेल. यांना त्याच दिवशी कामावरून काढलं. पोलिसांनी जबाब घेतला, केस होईल का ते कळत नाही.

परत येताना हे घरी न येता आधी तळेगावला गेले. भाऊंनी तोंड भिंतीकडे केलं. हे तासभर पायरीवर बसले आणि उठून आले. घरी दोन भाकरी खाल्ल्या, मग ताटासमोरच रडले. मी रडू दिलं.

मला राग आहे, बाबा, खोटं कशाला सांगू. पण यांच्या शेजारी बसवतं आता. आमच्यावरची माया राहू द्या.

आपली,
मर्सी


तळेगाव ढमढेरे, ता. ३ मार्च

जॉन्सनला मल्हारीचा रामराम. वि. वि.

सोजर म्हणती लिहू नका, तरी लिहितोय. काठी धरून चार पावलं टाकतो. कंपनीचा कागद आला, मल्हारीची चूक न्हाई म्हणून. आईनं शेजारणी गोळा करून त्यो मोठ्यानं वाचून घेतला. पर डॉक्टर म्हणत्यात, गाडी चालवणं आता इसरा.

तू आलास तवा तुझं त्वांड बघवलं न्हाई. तुला एक म्हाईत न्हाई. खड्ड्यात जीपखाली अडकलो तवा मी आईचं न्हाई, देवाचं न्हाई, तुझं नाव घेऊन वरडत हुतो. दिव्यांपाशी तू असणार, आत्ता येशील, आसं वाटलं. त्ये काय केल्या डोक्यातनं जात न्हाई.

तू खरं सांगितलंस, मला पावलं. ते बी जात न्हाई डोक्यातनं.

आप्पांना येऊ दे, त्यांच्यावर राग न्हाई. तू एवढ्यात येऊ नगं. पत्र टाक, मी वाचीन. शेवटाला लोभ असावा आसं लिहायचं असतं. आज लिहवत न्हाई, म्हणून तेवढी वळ मोकळी सोडून सही करतो.



मल्हारी