कोनच्या उतारावरचं झुडूप

प्रिय मालूमावशी,

आज तुझ्या वहीत शेवटच्या पानावर एक ओळ सापडली आणि मला तुझा राग आला. तू गेल्यापासून पहिल्यांदाच! सांगायचं कुणाला? म्हणून तुलाच लिहितेय.

शाळेत जायच्या आधीपासून खांदा कॉलनीतल्या तुझ्या गॅलरीत मी शिकत होते. "पाखरू शोधू नकोस मनू, त्याचं खाणं शोध. पाखरू आपोआप येतं." करवंद, तोरण, घाणेरी, सगळी मी तुझं बोट धरून ओळखली. आणि तुझा तो नियम! फळ डोळ्यांनी पाहिल्याशिवाय झुडपाचं नाव वहीत शाईनं लिहायचं नाही. एकदा मी पाहुण्यांसमोर "बहुतेक करवंद" म्हणाले, तर तू म्हणालीस, "बहुतेक म्हणजे माहीत नाही." किती लाजले होते मी!

कोन गावाला आपण जनूकाकांच्या जागेत जायचो, तेव्हा ते बांधावरून ओरडायचे, "काय मास्तरीनबाय, आज किती पाखरां गावली?" तू म्हणायचीस, "तीन होती. तुझा आवाज ऐकून तीही गेली!"

माघात तुला चालवत नव्हतं, म्हणून मी एकटीच गेले. वरच्या उतारावर एक निष्पर्ण झुडूप होतं, आत चार शिपाई बुलबुल. मी वाळकी काटकी घरी आणली. तू अंथरुणावर ती बराच वेळ फिरवलीस, नखानं साल खरवडलीस आणि म्हणालीस, "पावसानंतर फळ बघू. मग लिहू." चैत्रात तू गेलीस.

मे महिन्यात जनूकाकांचा फोन आला. "मनूताय, जागा साफ करतू. वरचा झुडूप कसला हाय? मास्तरीनबाय फोनवर इचारायच्या त्याचा. कामाचा असल तं कंपाऊंडात घेतू. जेसीबी उद्या येतंय."

मी काय म्हणाले असेन? तूच सांग! "काका, फळ बघितल्याशिवाय नक्की नाही सांगता येणार."

"बरा," ते म्हणाले.

थांबा म्हणायचं मला सुचलंसुद्धा नाही. प्रश्न नावाचा होता, आणि नाव मला माहीत नव्हतं.

आज सकाळी गेले. तिथे सपाट लाल माती आहे आणि तारेचं कुंपण. तारेवर दोन बुलबुल बसले होते. शेंडी उभारून खाली बघत होते, उडत होते, परत येऊन बसत होते. जनूकाका शेजारी येऊन उभे राहिले. "कायपन नाव सांगितला असतास ना पोरी, तरी ठेवला असता. आमाला कुठं कलतंय?" रागावलेही नव्हते गं. रागावले असते तर बरं झालं असतं.

घरी येऊन आजची नोंद करायला तुझी वही उघडली. शेवटच्या पानावर तुझं थरथरतं अक्षर, पेन्सिलीचं: "कोन, वरचा उतार. बहुतेक पांढरफळी. मनूला सांगायचं नाही. फळ तिचं तिला दिसू दे."

मावशी! तुला माहीत होतं? तूही मनात बहुतेक म्हणत होतीस? मग मला का नाही म्हणू दिलंस? एक शब्द पुरला असता. पण तू तर माझ्यासाठी फळ बघण्याचा आनंद राखून ठेवला होतास. आता तुझ्यावर रागवू तरी कशी? आणि स्वतःवर रागावून ते झुडूप थोडंच उगवणार आहे?

तुझी ओळ मी शाईनं गिरवणार नाही. फळ मी पाहिलेलं नाही, आणि तिथे तर आता कधीच दिसणार नाही. ती पेन्सिलीतच राहील.

पण एक वचन देते. यापुढे कुणी झुडपापाशी उभं राहून मला विचारलं, तर मी बहुतेक म्हणेन. आवाज कापला तरी म्हणेन, आणि फळ येईपर्यंत थांबा, असंही म्हणेन. चुकले तर पावसानंतर नाव खोडेन. खोडायला ते झुडूप तिथे असलं म्हणजे झालं.

तुझी,
मनू