कडेचं माणूस

प्रिय हाइनी,

धुक्यामुळे टोर्शावनचं हेलिकॉप्टर आलं नाही, म्हणून पत्राला उशीर. पवनचक्कीचं बेअरिंग बदललं. आता तिची घरघर तुमच्या घरापर्यंत येत नाही. लोमविगी पक्ष्यांची पिलं कड्यावरून उड्या टाकू लागली आहेत. पंख धड फुटलेले नसतात, तरी टाकतात. बाप खाली पाण्यात हाका मारत थांबलेले. वरच्या कपारी मात्र यंदा रिकाम्याच राहिल्या.

कड्यावरून दोराने उतरून पक्ष्यांची अंडी काढायच्या दिवसांत दोर धरायला माणसंच नव्हती. हिवाळा इथे काढणारे आम्ही मोजकेच, त्यात निम्म्यांचे गुडघे गेलेले. बोटी ओढायच्या जुन्या यंत्राला मी दुहेरी ब्रेक बसवला आणि दगडांची पोती सोडून तपासला. भाराचा प्रश्न मिटला. राहिला कडेच्या माणसाचा. ओणवं होऊन खाली बघणारं, दोराचे हिसके ओळखणारं माणूस घरचंच लागतं, आणि बापाच्या दोरावरची तुझी ती जागा हानुसकाकांनी तू गेल्यापासून कुणाला दिली नव्हती. मी मागितली. त्यांनी पाइप कोरून खिशात टाकला. मग म्हणाले, "टाचा रोवून बस. वारा मागून येतो."

त्यांना खाली सोडत होतो तेव्हा शेजारची म्हातारी सुन्नेवा माझ्या पाठीशी येऊन म्हणाली, "काय गं मार्युन, लग्नाआधीच सासऱ्याला टांगलंस?" सगळे हसले. खालून काकांचा आवाज आला, "सुनेला बोलू नका रे, दोर तिच्या हातात आहे."

मी खुलासा केला नाही. लक्ष दोरावर हवं होतं, हे एक कारण. दुसरं लिहीत नाही.

तेव्हापासून तू येणार असं गाव धरून चाललंय. कडेला बसली ती घरातली झाली. इथे त्याला वेगळा साखरपुडा लागत नाही, हे तुला सांगायला नको. सुन्नेवाने लग्नासाठी माझ्या स्वेटरचं माप घेतलं. काका माळ्यावरच्या तुझ्या खोलीला रंग देताहेत. पलंगाला फळ्या जोडून तो रुंद केलाय. हाइनीला भिंत पांढरी आवडते, तुला कशी हवी, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पांढरी चालेल.

कोपनहेगनमध्ये तिथल्या मुलीबरोबर तू घर केलंस, आता परतणार नाहीस, हे वसंतात, अंडी काढायच्या आधीच, तू मला फोनवर स्पष्ट सांगितलंस. त्याबद्दल तक्रार नाही. पण बापाला अजून सांगितलेलं नाहीस. मी सांगायचं ठरवून रोज तुमच्याकडे जाते आणि रंगाचा डबा धरून उभी राहते. म्हणून हे पत्र. रविवारी प्रार्थनेनंतर काका घरीच असतात, तेव्हा फोन कर. खरं कळल्यावर ते कडेची जागा माझ्याकडून काढून घेतील, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. तरी कर.

कधीकाळी तुझीच,
मार्युन