बाबांची अरबी

९ जानेवारी २०२५, गुरुवार

घशातून अरबीतला 'ऐन' निघत नाही म्हणजे नाही! आमच्या उस्ताजबाईंनी आज सातव्यांदा म्हणवून घेतलं – "गळ्यातून, योगिनी, गळ्यातून." वर्गात बाकीच्यांना नोकरीसाठी अरबी हवी आहे. मला विचारलं, तर मीही "नोकरी" असंच ठोकून दिलं. सगळ्यांपुढे काय सांगू – वडिलांशी बोलायला हवी म्हणून?

ऑक्टोबरात बाबांना झटका आला. उजवा हात गेला आणि मराठी गेली. अख्खी! चौथ्या दिवशी तोंड उघडलं ते अरबी घेऊनच. बावीस वर्षं इथे कुवेतच्या इस्पितळात एक्स-रे काढले, ती भाषा तेवढी राहिली. डॉक्टर म्हणाले, क्वचित होतं असं. परभणीत मशिदीतल्या मौलवीसाहेबांना बोलावलं, पण ही बोली त्यांनाही कळेना. शेवटी अभिनव म्हणाला, ताई, तूच जा, शिकून ये. निघताना आईनं बाजूला घेऊन सांगितलं – "सारखं नफस-नफस करायलेत. ही नफस कोण, एवढं बघून ये."

इथे अब्बासिया भागात यूनुसचाचांकडे उतरलेय. दापोलीकडचे, दिशदाशे म्हणजे अरबांचे लांब झगे शिवतात. बाबांच्या खोलीत, शेजारच्या कॉटवर नऊ वर्षं होते. त्यांच्या बायकोनं, जमिलाखालांनी, मला आपल्या मुलीची खोली दिलीय. भाडं विचारलं तर रागावल्या – "बालाभायची पोर तू. गप रव गो."

१० जानेवारी, शुक्रवार

दुपारी जेवणं झाल्यावर धीर करून बाबांचा आवाज चाचांना ऐकवला. अभिनवनं पाठवलेला. "खिद नफस! ला तित्हर्रक! ... बस, खलास." चाचांनी दोनदा ऐकलं आणि मांडीवर थाप मारली.

"अगो, ह्यो तर एक्स-रे काडतो! श्वास घे, हलू नको, झाला!"

नफस म्हणजे श्वास. तीन महिने माझी आई एका श्वासावर जळत होती! हसून हसून पुरेवाट झाली. मग एकदम रडू आलं, तेही खालांसमोर. त्यांनी चहा टाकला.

आईला फोन केला.
"बाईचं नाव नाही ना पण?"
"नाही गं."
"मग ठीके. भात लागायलाय, ठेवते."

१५ जानेवारी, बुधवार

खाला आज बाबांची जुनी इमारत दाखवायला घेऊन गेल्या. तिसरा मजला, एका खोलीत सहा जण. खिडकीत भलत्याच कुणाची तरी बनियनं वाळत होती. मी उगीचच बराच वेळ खाली उभी राहिले. खाला म्हणाल्या, बालाभाय शुक्रवारी पिठलं करायचा, वास जिन्यापर्यंत यायचा.

आम्हाला कधी केलं नाही! आमच्यासाठी बाबा म्हणजे वर्षातला एक महिना. बॅग उघडली की खजूर, अत्तर आणि साबण यांचा मिळून एक वास यायचा. मी त्यालाच कुवेत म्हणायची. खरं कुवेत तळलेल्या माशांचं आणि कंपन्यांच्या बसगाड्यांच्या धुराचं निघालं.

पंधरा वर्षांपूर्वी आजच्याच तारखेला ग्रहण होतं आणि बाबा सुट्टीवर होते. कुणाच्या तरी छातीचा जुना एक्स-रे कपाटातून बाहेर काढला त्यांनी. अख्ख्या गल्लीनं त्या माणसाच्या बरगड्यांमधून सूर्य पाहिला. बाबा सगळ्यांना रांगेत उभं करत होते, म्हाताऱ्यांना आधी. मला सर्वांत शेवटी मिळाला म्हणून मी रुसले होते. किती मूर्ख! त्या महिन्यातला एक अख्खा दिवस रुसण्यात घालवला.

१६ जानेवारी, गुरुवार

'ऐन' निघाला! खोकल्यासारखा, पण निघाला.

१९ जानेवारी, रविवार

आईनं आज हळदीकुंकू केलं. मीच मागे लागले होते – कर, घरात जरा माणसं येतील. संध्याकाळी तिचा फोन. आवाज बसलेला.

"सगळ्या बायांसमोर मह्याकडं बोट केलं त्यांनी. हसत हसत. अन् म्हणले – मरती!"

मी म्हटलं, अरबीत दुसरंच काही असेल.

"दोनदा म्हणले. मरती, मरती. बाया वाण घेऊन उठल्याच."

आजच नाही म्हणे. कुणी भेटायला आलं की हेच. तिनं आजवर मला सांगितलं नव्हतं. वर ताकीद – चाचांना विचारायचं नाही, असला अभद्र शब्द दुसऱ्याच्या घरात काढायचा नाही. शपथ घातली. आणि बाबा हसत होते, हे तिनं तीनदा सांगितलं.

२० जानेवारी, सोमवार

शब्दकोशात मरती नाही. 'मर्रा' आहे – एकदा. आणि 'मरीदा' – आजारी बाई. पेशंट.

बाबांची जीभ जड झालीय. मरीदाचं मरती सहज होईल. म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला ते आईबद्दल सांगतात, ही पेशंट आहे. पस्तीस वर्षं संसार केलेली बायको, आणि आता नंबर लावून आलेली कुणीतरी बाई! बायकोला काय म्हणतात तेही पाहिलं. 'झौजा'. बाबांच्या तोंडून हा शब्द एकदाही आलेला नाही.

आईला हे कसं सांगू? यापेक्षा मरती बरं. उस्ताजांना विचारावं म्हणून दोनदा वही पुढे केली आणि मागे घेतली. त्या "बरोबर" म्हणाल्या तर?

२७ जानेवारी, सोमवार

अभिनवचा फोन. आईनं ब्लडप्रेशरच्या गोळ्या बंद केल्यात. पाच दिवस झाले! "यांना दिसायलंय तर गोळ्या कशाला वाया घालू," म्हणते. हिरवं इरकल काढून ठेवलंय. मी फोनवर ओरडले. ती शांतपणे म्हणाली, "सवाष्ण जाते. वाईट काय त्यात?" आणि फोन अभिनवकडे देऊन गेली.

मला बाबांचा राग आला. आजारी माणसाचा राग येतो, हे कुणाला सांगायचं नसतं. इथे लिहिलं.

२९ जानेवारी, बुधवार

प्रेशर १९०. वर्गाला गेले नाही. रविवारचं तिकीट काढलं.

३१ जानेवारी, शुक्रवार

खाला-चाचांनी जबरदस्तीनं बाहेर काढलं. दस्मानच्या बाजूला, समुद्रावर. तिथे चाचांचं एक जुनं गिऱ्हाईक भेटलं, कुवेती म्हातारा. सलाम झाले. मग चाचांनी जमिलाखालांकडे बोट केलं आणि हसत म्हणाले – "हाधी मरती." खालांनी ओढणी सावरून मान लववली.

मी शपथ-बिपथ विसरून चाचांची बाही धरली. मरती म्हणजे?

"अगो, माजी बायको! दुसरा काय? तुजा बापूस नवीन मानूस भेटला की पाकिटातला फोटू काडायचा. हाधी मरती, हाधी मरती. आमी कंटालायचो."

तिथूनच आईला फोन लावला. सांगितलं. ती म्हणाली, "थांब. फोन त्यांच्यापाशी नेते. पुन्हा म्हणायला सांग त्यांना."